कंटाळा आणि हालचाल : सर्वेक्षणांच्या मराठीची चिकित्सा

१

२०२० च्या उन्हाळ्यात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या भ्रमणध्वनीवर ज्या प्रश्नावल्या येऊन पडल्या, त्यांची गणती करणे कठीण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडच्या प्रादुर्भावास महासाथ म्हटले. त्याच महिन्याच्या मध्यास राज्यातील महाविद्यालयांचे वर्ग बंद झाले. आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. विद्यार्थी घरी गेले आणि संशोधकही घरी बसले. घरी बसलेल्या संशोधकास घरी बसलेल्या विद्यार्थ्याविषयी जे प्रश्न सुचावेत, तेच सुचले : तो शारीरिक हालचाल किती करतो, आणि त्याला कंटाळा किती येतो? या दोन राशींचा परस्परसंबंध शोधणारे निबंध पुढील दोन-तीन वर्षांत देशोदेशींच्या विद्यापीठांतून प्रसिद्ध झाले. ज्याची हालचाल कमी त्याचा कंटाळा अधिक, म्हणून विद्यार्थ्यांनी व्यायाम वाढवावा, असा त्या प्रकारच्या लेखनाचा सर्वसाधारण रोख असतो.

या विषयाचे महत्त्व प्रस्तुत लेखकास अमान्य नाही. ऐन विशीतील मुलामुलींची दीड वर्षे वर्गाबाहेर गेली. राज्यात १५ फेब्रुवारी २०२१ पासून निम्म्या उपस्थितीने वर्ग भरू लागले, ते दुसऱ्या लाटेने पुन्हा बंद पाडले, आणि २० ऑक्टोबर २०२१ नंतरच महाविद्यालये पुन्हा उघडली. त्या काळाचा अभ्यास व्हावयासच हवा. प्रश्न वेगळा आहे. असा अभ्यास मराठीतून करावयाचा, तर ज्या शब्दांनी विचारणा होते ते शब्द मूळ संकल्पनेचे वाहन होऊ शकतात काय? भाषेचा अभ्यासक म्हणून माझे म्हणणे असे की, मराठीत हा परस्परसंबंध संख्याशास्त्राच्या पायरीवर पोहोचण्यापूर्वीच, शब्दाच्या पायरीवर बिघडतो. 'कंटाळा' हा एकच शब्द परस्परविरुद्ध दिशांनी ओढणाऱ्या दोन अवस्थांस लागू पडतो. आणि 'व्यायाम' हा शब्द जालना जिल्ह्यातील बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या हालचालीस लागूच पडत नाही. या दोन मुद्द्यांचा विचार क्रमाने करू.

२

प्रथम मापनसाधनांचा परिचय करून घेणे इष्ट होईल. फार्मर व सुंडबर्ग यांनी १९८६ मध्ये कंटाळ्याच्या प्रवणतेची २८ विधानांची मापनश्रेणी सिद्ध केली. म्हणजे माणूस स्वभावतः कितपत कंटाळणारा आहे, हे तिने मोजावयाचे. पुढे ईस्टवुड व त्यांचे सहकारी यांनी स्वभावाऐवजी त्या त्या वेळच्या अवस्थेकडे लक्ष वळविले. २०१२ मध्ये त्यांनी या अवस्थेची जी व्याख्या केली तिचा आशय असा : समाधान देईल अशा एखाद्या उद्योगात गुंतण्याची इच्छा आहे, परंतु गुंतता येत नाही, अशी अप्रिय स्थिती. या व्याख्येतील 'इच्छा आहे' हे अंग वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे. २०१३ मध्ये त्याच गटाकडून प्रसिद्ध झालेल्या २९ विधानांच्या श्रेणीत या अवस्थेचे पाच घटक मानले आहेत : गुंतणूक नसणे, अस्वस्थ उत्तेजना, मंद मरगळ, अवधान न राहणे आणि काळ रेंगाळल्यासारखा वाटणे.

हालचालीसाठी बहुधा आंतरराष्ट्रीय शारीरिक क्रियाशीलता प्रश्नावलीचा आधार घेतला जातो. तिच्या संक्षिप्त रूपात सातच प्रश्न आहेत. गेल्या सात दिवसांतील जोरकस हालचाल, मध्यम हालचाल, चालणे आणि बसणे यांचे दिवस व मिनिटे विचारली जातात, आणि प्रत्येक प्रकाराला ऊर्जाव्ययाचा एक गुणक लावला जातो : चालण्यास ३.३, मध्यम हालचालीस ४ आणि जोरकस हालचालीस ८. दोन्ही साधने विचारपूर्वक घडविलेली आहेत, हे मान्य केले पाहिजे. माझी टीका साधनांवर नसून ती मराठीत आणताना आपण दाखविलेल्या बेफिकिरीवर आहे.

३

आता 'कंटाळा' या शब्दाकडे वळू. कोशातील अर्थ पाहून या शब्दाचे खरे स्वरूप कळत नाही. तो कोणत्या वाक्यरचनेत बसतो हे पाहिले म्हणजे कळते. मराठीत त्याच्या मुख्य रचना तीन.

पहिली रचना : 'घरात बसून बसून कंटाळा आला.' येथे क्रिया ऊनान्त धातुसाधिताने सांगितली आहे. ती घडून गेलेली आहे, अतिरेकाने घडलेली आहे, आणि तिच्यातून सुटका हवी आहे. बोलणाऱ्यास दुसरे काहीतरी करावयाचे आहे. ते मिळत नाही म्हणून तो तळमळतो. ईस्टवुड यांच्या व्याख्येशी ही रचना बऱ्याच अंशी जुळते.

दुसरी रचना : 'सकाळी उठण्याचा कंटाळा येतो', 'व्यायामाचा कंटाळा येतो'. येथे क्रिया षष्ठीने सांगितली आहे आणि ती अद्याप घडलेलीच नाही. जी गोष्ट केलीच नाही तिचा शीण कोठून येणार? येथे कंटाळ्याचा अर्थ अनिच्छा, टाळाटाळ. गुंतण्याची इच्छा असूनही गुंतता न येणे ही पहिली अवस्था. गुंतण्याची इच्छाच नसणे ही दुसरी.

तिसरी रचना अधिक बोलकी आहे : 'कंटाळा करू नकोस, ऊठ.' येथे कंटाळा 'येत' नाही, तो 'केला' जातो. 'येणे' या क्रियापदाबरोबर अनुभव घेणारा चतुर्थीत असतो आणि त्याच्याकडे दोष नसतो. 'करणे' या क्रियापदाबरोबर तोच माणूस कर्ता होतो आणि दोषी ठरतो. मराठी घरात आईने मुलास 'कंटाळा करू नकोस' म्हटले, म्हणजे तिने त्याच्या मनोवस्थेची विचारपूस केलेली नसते. तिने त्याला आळशी म्हटलेले असते, इतकेच की सौम्य शब्दांत.

तीनही रचना एका श्वासात वापरता येतात आणि ऐकणाऱ्यास त्यात विसंगती भासत नाही. 'बसून बसून कंटाळा आलाय, पण बाहेर पडायचाही कंटाळा येतो' हे वाक्य टाळेबंदीच्या काळात ज्याने स्वतः उच्चारले नाही वा दुसऱ्याच्या तोंडून ऐकले नाही, असा मराठी माणूस विरळा. या वाक्यातील पहिला कंटाळा माणसास उंबरठ्याबाहेर ढकलतो आणि दुसरा त्याला आत ओढतो. आता प्रश्नावलीत 'गेल्या आठवड्यात तुम्हाला किती वेळा कंटाळा आला?' असा प्रश्न आला, तर हा विद्यार्थी कोणत्या कंटाळ्याची गणती करील? तो दोन्हींची बेरीज करील. त्या बेरजेचा हालचालीच्या मिनिटांशी संबंध लावला असता, ज्याला व्यायामाचा कंटाळा येतो तो व्यायाम कमी करतो, एवढेच त्यातून निष्पन्न होण्याचा संभव आहे. हा शोध नव्हे. ही पुनरुक्ती होय. ज्या शब्दात हालचालीची अनिच्छा आधीच सामावलेली आहे, त्या शब्दाने कंटाळा मोजावयाचा, आणि मग कंटाळलेली मुले हालचाल करीत नाहीत असा निष्कर्ष काढावयाचा, हे तर्कदृष्ट्या सदोष आहे.

या गुंत्यास नीतीचाही एक पदर आहे. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातील, घनसावंगी तालुक्यातल्या जांब या गावी झाला. मारुतीची स्थापना आणि बलोपासना यांची परंपरा त्यांच्या नावाशी जोडलेली आहे. आणि दासबोधाच्या अठराव्या दशकात 'निद्रानिरूपण' नावाचा एक स्वतंत्र समासच आहे. अशा परंपरेत वाढलेल्या समाजात शरीर कमावणे हा सद्‌गुण आणि आळस हा दोष होय. येथील विद्यार्थी 'मी आळस केला' असे कागदावर सहसा लिहिणार नाही. 'कंटाळा आला' असे मात्र निःसंकोच लिहील. अर्थात उत्तरपत्रिकेतील कंटाळ्याचा काही भाग हा आळसावर घातलेला पडदा असण्याची शक्यता आहे. तो किती, हे श्रेणीतील आकडा सांगू शकत नाही.

४

येथे एक आक्षेप संभवतो. प्रश्नावलीचे भाषांतर झाल्यावर ते दुसऱ्या जाणकाराकडून मूळ भाषेत परत आणून पडताळण्याची पद्धत, ब्रिस्लिन यांच्या १९७० मधील लेखनापासून, सर्वमान्य झालेली आहे. मग दोष राहील कसा?

उत्तर सोपे आहे. 'बोअरडम' या शब्दाचे मराठी 'कंटाळा' आणि 'कंटाळा' या शब्दाचे इंग्रजी पुनः 'बोअरडम'. पडताळा शंभर टक्के जुळला! परंतु तो जुळला एवढ्यावरून दोन्ही शब्दांची अर्थक्षेत्रे समान आहेत असे सिद्ध होत नाही. दोन्ही भाषांतरकारांनी एकच द्विभाषिक कोश पाठ केलेला आहे, एवढेच सिद्ध होते. एका भांड्यातून दुसऱ्यात ओतलेले पाणी परत पहिल्यात ओतले, म्हणजे दोन्ही भांडी सारख्याच आकाराची ठरत नाहीत. ज्या ठिकाणी अर्थ विस्तारलेला असतो, नेमक्या त्याच ठिकाणी हा पडताळा आंधळा असतो.

मग सरळ 'बोर' हाच शब्द वापरावा, असे कोणी सुचवील. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात तो रुळलेला आहे हे खरे. परंतु 'घरात बसून बोर झालो' याच्या शेजारीच 'अभ्यास करायला बोर होतं' हेही वाक्य सर्रास ऐकू येते. शब्द परका, पण वाक्याची चौकट मराठी. आणि त्या चौकटीने परक्या शब्दासही अनिच्छेचा अर्थ शिकविला. शब्द उसना घेता येतो, रचना बहुधा आपलीच राहते. तेव्हा उसना शब्द घेऊन प्रश्न सुटत नाही.

५

मराठीत या अवस्थेस शब्दच नाहीत, असे मात्र कोणी समजू नये. उलट, ते इतके आहेत की एका शब्दावर काम भागविणे हाच करंटेपणा ठरावा. फक्त ते नामांच्या रूपाने नसून बहुधा क्रियापदांच्या रूपाने, आणि तेही नकारार्थी, आढळतात.

त्यांत अग्रस्थान 'करमत नाही' या प्रयोगास द्यावे लागेल. 'मला येथे करमत नाही' या वाक्यात कर्ता शोधू गेल्यास सापडत नाही. व्याकरणकार ज्यास भावकर्तृक क्रियापद म्हणतात त्या जातीचे हे क्रियापद आहे. 'करमणूक' हा शब्द त्याच धातूचा, आणि ह. ना. आपट्यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या साप्ताहिकास तेच नाव दिले होते. 'करमत नाही' याचा रोख कंटाळ्याहून वेगळा आहे. कंटाळा कशाचा तरी असतो. करमत नाही ते कशाचे नव्हे, तर कोणावाचून किंवा कोठे. सासरी आलेल्या मुलीस करमत नाही. वसतिगृहात नव्याने दाखल झालेल्या मुलास करमत नाही. आणि २०२० मध्ये वसतिगृह सोडून गावी परतलेल्या मुलास स्वतःच्याच घरी करमेनासे झाले. त्याला काम नव्हते असे नाही; त्याला सोबती नव्हते.

आता ईस्टवुडप्रणीत श्रेणीतील पाच घटक पुनः पाहू. काळ रेंगाळणे यास मराठी बोलणारा 'वेळ जात नाही' म्हणतो. अवधान न राहणे म्हणजे 'मन लागत नाही'. अस्वस्थ उत्तेजना म्हणजे 'चैन पडत नाही'. मंद मरगळ म्हणजे 'काही करावंसं वाटत नाही', 'अंग मोडून आल्यासारखं वाटतं'. आणि गुंतणूक नसणे यास 'कशात जीव रमत नाही' हा प्रयोग तयारच आहे. हे पाच वाक्प्रयोग खेड्यातील मुलास व शहरातील मुलीस सारखेच सुबोध आहेत. यांपैकी एकाही वाक्यात 'कंटाळा' हा शब्द नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. इंग्रजीतील एका नामास मराठी नाम शोधण्याच्या हट्टापायी आपण भाषेतील पाच जिवंत वाक्ये बाजूला सारली आणि ज्या एका शब्दात घोटाळा आहे तोच नेमका निवडला.

या भेदाचे शास्त्रीय महत्त्व आहे. ज्याला वेळ जात नाही त्यास काम दिल्याने बरे वाटेल. ज्याला करमत नाही त्यास काम देऊन काहीच साधणार नाही. आणि ज्याला काही करावेसे वाटत नाही, त्याच्या बाबतीत तर हे दुखणे कंटाळ्याचे आहे की औदासीन्याच्या आजाराचे, याची विचारपूस आधी करावी लागेल. तिघांच्याही उत्तरासमोर 'कंटाळा : अधिक' अशी एकच खूण केली, तर तिघांनाही एकच औषध दिले जाईल : सूर्यनमस्कार घाला.

६

हालचालीच्या बाजूचा दोष याहून ढोबळ आहे आणि म्हणूनच अधिक अक्षम्य आहे. वर उल्लेखिलेल्या आंतरराष्ट्रीय प्रश्नावलीच्या मूळ प्रास्ताविकात कामाच्या ठिकाणची, घरातील व अंगणातील, जाण्यायेण्यातील आणि फावल्या वेळेतील अशा सर्व हालचालींचा विचार करण्यास सांगितले आहे. जोरकस हालचालीच्या उदाहरणांत जड ओझे उचलणे व खणणे यांचा समावेश आहे. म्हणजे मूळ संकल्पना पुरेशी विशाल आहे. ती अरुंद होते ती मराठीत येताना. प्रश्नात 'व्यायाम' हा शब्द शिरला, किंवा वर मथळ्यात 'व्यायाम व तंदुरुस्ती' असे लिहिले, की सारे गणित फिरते. मध्यम हालचालीचे मूळ उदाहरण म्हणून दुहेरी टेनिसचा जो उल्लेख आहे तो तसाच ठेवला, तर मंठा किंवा जाफराबाद तालुक्यातील विद्यार्थी हा प्रश्न आपल्यासाठी नाहीच, असे समजून पुढे जाईल.

कारण मराठीत व्यायाम म्हणजे हेतुपूर्वक, शरीरासाठीच केलेला श्रम. ज्या श्रमाचा हेतू पीक, पाणी वा स्वयंपाक हा असतो, तो व्यायाम नव्हे, ते 'काम'. जालना जिल्ह्यातील महाविद्यालयांत शिकणारी मुले मोठ्या संख्येने शेतकऱ्यांची व मजुरांची आहेत. टाळेबंदी सुरू झाली तेव्हा रब्बीची काढणी उरकत आली होती; एप्रिल-मे हे नांगरट-वखरणीचे आणि मोसंबीच्या बागा जगविण्याचे महिने; जूनमध्ये कपाशी व सोयाबीन यांची पेरणी, त्यामागोमाग कोळपणी, निंदणी, खुरपणी; आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी. वर्ग बंद असल्याने घरात एक जादा हात मिळाला आणि तो कामाला लागला. असा मुलगा 'व्यायाम करतोस काय?' या प्रश्नास प्रामाणिकपणे 'नाही' असेच उत्तर देईल. संशोधक त्याची नोंद 'निष्क्रिय' या रकान्यात करील. राज्यातील व्यायामशाळा २५ ऑक्टोबर २०२० पर्यंत बंद होत्या, यावरून विद्यार्थ्यांच्या हालचालीचा अंदाज बांधणाऱ्यास दिवसभर सरी ओढणारा हा मुलगा दिसतच नाही.

विद्यार्थिनींच्या बाबतीत हा अन्याय दुहेरी होतो. धुणी, भांडी, झाडलोट, भाकरी, गुरांचे शेण, हंड्याने आणलेले पाणी : या सर्वांस मराठीत 'काम' असेही नेहमी म्हणत नाहीत. 'काय करतेस?' या प्रश्नास 'काही नाही, घरीच असते' असे उत्तर येते. हे उत्तर देणारी मुलगी दिवसाकाठी कित्येक तास उभी असते. जिला बसावयासच मिळाले नाही तिच्या नावापुढे बैठी जीवनपद्धती लिहिली जावी, यास विपर्यास हाच शब्द योग्य होय. आणि तिने कदाचित 'कंटाळा येतो' या विधानापुढे होकाराची खूण केलेली असते. तो कंटाळा रिकामपणाचा नसून रोजच्या त्याच त्या कामाचा आहे, अतिश्रमाचा आहे. हालचाल वाढविण्याचा उपदेश तिला करणे म्हणजे थट्टाच.

'चालणे' या क्रियेसही हेच लागू आहे. मराठी 'फिरायला जाणे', 'पायी जाणे' आणि 'पायपीट करणे' यांत भेद करते : पहिल्यात हौस, दुसऱ्यात सोय किंवा निरुपाय, तिसऱ्यात हाल. प्रश्नावलीत तिघांनाही ३.३ हाच गुणक. त्या काळी जालन्याच्या पोलाद कारखान्यातील काही मजूर मध्य प्रदेशातील आपल्या गावी परतण्यासाठी लोहमार्गाने पायी निघाले होते. ८ मे २०२० रोजी पहाटे बदनापूर व करमाड या स्थानकांच्या दरम्यान, थकून रुळांवर झोपी गेलेल्या १६ जणांचा मालगाडीखाली मृत्यू झाला. हे विद्यार्थी नव्हते. तेव्हा त्यांचा उल्लेख अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांस आपण त्याच आठवड्यात 'गेल्या सात दिवसांत किती मिनिटे चाललात?' असे विचारीत होतो, त्या जिल्ह्यात चालणे या शब्दास त्या आठवड्यात कोणता अर्थ आला होता, हे विचारणाऱ्यास ठाऊक असावयास नको काय? हालचालीच्या मिनिटांत हौस आणि हाल यांचा भेद राहत नाही. तो फक्त भाषेत राहतो. आणि म्हणून भाषेची उपेक्षा करून हा विषय हाताळता येत नाही.

७

माझ्या टीकेवर संख्याशास्त्राचे अभ्यासक एक न्याय्य आक्षेप घेतील. देशोदेशींची तुलना करावयाची तर साधन एकच हवे. प्रत्येक भाषेने स्वतःची वाक्ये घडविली तर तुलना कशी होणार? हा आक्षेप वजनदार आहे. तथापि, साधन एक असणे आणि शब्दास शब्द ठेवणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. तुलना संकल्पनेची करावयाची आहे, कोशातील नोंदीची नव्हे. 'वेळ जात नाही' हे वाक्य मूळ घटकास अधिक इमानी असेल, तर तुलनेच्या दृष्टीनेही तेच ग्राह्य होय. शिवाय, 'कंटाळा' वापरून मिळालेली उत्तरे एकाच घटकाभोवती गोळा होतात की दोन घटकांत फुटतात, हे पाहण्याची तंत्रे त्यांच्याच शास्त्रात उपलब्ध आहेत. ती वापरून माझे विधान खोटे ठरविता आल्यास मला आनंदच होईल.

आपल्या विभागांतून यापुढे असे प्रबंध होणारच. कारण महासाथीच्या काळाकडे वळून पाहण्याचे काम आता कोठे सुरू झाले आहे. त्यांच्यासाठी तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली : 'कंटाळा' हा शब्द विधानात आणावयाचाच झाल्यास तो पूर्ण रचनेसह आणावा, 'बसून कंटाळा आला' आणि 'उठण्याचा कंटाळा आला' यांस स्वतंत्र क्रमांक द्यावेत. दुसरी : 'करमत नाही', 'वेळ जात नाही', 'मन लागत नाही' यांसारखे प्रयोग आधी विद्यार्थ्यांच्या बोलण्यातून टिपून घ्यावेत आणि मग श्रेणी रचावी. तिसरी : हालचाल विचारताना व्यायामापासून आरंभ करू नये, कालचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत क्रमाने सांगण्यास सांगावे, आणि तो कोणत्या हंगामातील दिवस आहे याची नोंद ठेवावी. जूनमधील विद्यार्थी आणि एप्रिलमधील विद्यार्थी हे या जिल्ह्यात दोन निराळे प्राणी असतात.

हे करण्यास वेळ लागेल. गावोगावी बसून ऐकावे लागेल, आणि भ्रमणध्वनीवर पाठविलेल्या अर्जाने ते भागणार नाही. कदाचित संशोधकास त्याचा कंटाळा येईल. तो कोणत्या रचनेतील कंटाळा आहे, हे ज्याचे त्याने ठरवावे.